ग्रँटची आठ वर्षं आणि जोतिबांची अर्पणपत्रिका

परवाच्या अभ्यासवर्गात एका मुलीनं मला गप्प केलं. विषय होता ‘गुलामगिरी’. मी नेहमीसारखा सुरू झालो. जोतिबांनी हे पुस्तक १८७३ साली काढलं, अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केलं, आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा अशी आशा धरली, वगैरे वगैरे. तीस वर्षं मी हे बोलत आलोय. तोंडपाठ झालंय. टाळ्या कुठं पडतात तेही माहीत झालंय.

मुलगी उठली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, “सर, १८७३ ला जोतिबा त्यांना पुस्तक अर्पण करतात. मग १९६६ ला तिथं ब्लॅक पँथर कशाला काढावी लागली? आणि तिचं नाव घेऊन १९७२ ला आपल्याला दलित पँथर? मधल्या ९३ वर्षांत तिथं झालं काय?”

मला उत्तर आलं नाही. ‘भांडवलशाही’, ‘साम्राज्यवाद’ असं काहीबाही पुटपुटलो आणि चहाची सुट्टी जाहीर केली. पण चहा गोड लागला नाही. ज्या माणसानं तीस वर्षं एक वाक्य स्टेजवरून फेकलं त्याला त्या वाक्याच्या पुढचं पान माहीत नव्हतं.

हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेलं उत्तर आहे. मी शोधत गेलो तसं ध्यानात आलं की ९३ वर्षांचं कोडं आठ वर्षांत दडलेलं आहे. १८६९ ते १८७७. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता युलिसिस ग्रँट. लिंकनचा फोटो आपल्या पोरांच्या पुस्तकात असतो, ग्रँटचा नसतो. पण लिंकननं बेडी तोडली त्यानंतर माणूस म्हणून उभं राहायचं काम ज्या काळात सुरू झालं आणि ज्या काळात मोडलं, तो काळ ग्रँटचा. जोतिबांनी अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा गादीवर तोच होता.

आधी माणूस बघू. ग्रँट १८२२ चा. बाप जेसी ग्रँट ओहायो राज्यात कातडी कमावायचा. टॅनरी होती घराशेजारी. रक्त, चुना, सालीचं पाणी, वास. पोराला त्या धंद्याची किळस यायची. लष्करी शाळेत गेला, अधिकारी झाला, नोकरी सोडली, शेती केली ती बुडाली, आणि १८६० साली अडतिसाव्या वर्षी बापाच्या चामड्याच्या दुकानात नोकरीला लागला. नऊ वर्षांनी हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाला.

१८७२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षानं पोस्टर काढलं. राष्ट्राध्यक्षपदाला ग्रँट, गॅलिना गावचा कातडी कमावणारा. उपराष्ट्राध्यक्षपदाला हेन्री विल्सन, नॅटिक गावचा चांभार. विल्सननं खरोखरच जोडे शिवून पोट भरलं होतं. हे त्यांनी लपवलं नाही, मतं मागायला भिंतीवर लावलं. दोस्तांनो, आपल्याकडं हे दोन धंदे ज्यांच्या माथी मारले त्यांना गावानं कुठं ठेवलं ते मी सांगायला नको. पण घोटाळा करून घेऊ नका. ग्रँट गोरा होता. तिथं कातड्याच्या धंद्याचा विटाळ नव्हता, कातडीच्या रंगाचा होता. कातडी कमावणारा गोरा राष्ट्राध्यक्ष झाला आणि कापूस पिकवणारा काळा मत द्यायला गेला म्हणून गोळी खाऊन मेला. एकाच देशात, एकाच काळात.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. बायकोच्या माहेरी गुलाम होते. ग्रँटच्या स्वतःच्या नावावरही एक होता, विल्यम जोन्स. मार्च १८५९ मध्ये त्यानं त्याला मुक्त केलं. तेव्हा ग्रँट कर्जात होता. गुलाम विकला असता तर चांगला पैसा आला असता. विकला नाही, कागद करून सोडला. हे चांगलं केलं. पण माणूस मालकीचा होता हेही खरंच. आपल्याला देव नको आहेत, माणसं पाहिजेत. म्हणून दोन्ही लिहितो.

यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं. उत्तरेचं सैन्य शेवटी ग्रँटच्या हाताखाली जिंकलं. त्यात १ लाख ८० हजारांच्या आसपास काळे शिपाई होते. आपल्या महार पलटणीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याचा अर्थ कळेल. बंदूक धरलेला हात पुन्हा जोडायला तयार होत नाही. युद्ध संपलं तेव्हा चाळीस लाख माणसं गुलामीतून बाहेर पडली. अंगावरचं कापड सोडलं तर जवळ काही नाही. जमीन नाही, घर नाही, अवजार नाही.

१८६५ च्या जानेवारीत सेनापती शर्मननं दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी मोकळ्या झालेल्या कुटुंबांना वाटायचा हुकूम काढला होता. माणसांनी पेरलंही. एप्रिलात लिंकनचा खून झाला आणि गादीवर आला अँड्र्यू जॉन्सन. त्यानं जमीन जुन्या मालकांना परत दिली. दक्षिणेतल्या राज्यांनी ‘काळे कायदे’ केले. काम नसलेला काळा दिसला की पकडा आणि मालकाकडं राबायला पाठवा. गुलामी दारातून गेली, खिडकीतून परत आली. मग काँग्रेस, म्हंजे तिथली संसद, जॉन्सनशी भांडली. १८६६ चा नागरी हक्क कायदा त्याचा नकाराधिकार मोडून केला. चौदावी दुरुस्ती आणली. १८६७ ला दक्षिणेत लष्कराच्या देखरेखीखाली काळ्यांना मतदार केलं. या धामधुमीत १८६८ ची निवडणूक झाली आणि ग्रँट तीन लाखांच्या थोड्या वर मतांनी पुढं आला. दक्षिणेतल्या काळ्या मतदारांची मतं त्याहून जास्त होती. म्हंजे हिशोब सरळ आहे. हा राष्ट्राध्यक्ष काळ्यांच्या मतानं लोकांत बहुमतात आला.

आता त्यानं काय केलं ते बघू. आधी जमेची बाजू.

१८७० साली पंधरावी दुरुस्ती झाली. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणानं मताचा हक्क नाकारता येणार नाही. (बायकांना मात्र मत नव्हतं, ते ५० वर्षांनी आलं.) ग्रँटनं त्या दिवशी संसदेला खास संदेश पाठवला आणि हे मत नीट वापरता यावं म्हणून शिक्षणाची सोय करा असंही बजावलं. १८७० मध्येच मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा पहिला काळा सिनेटर वॉशिंग्टनला जाऊन बसला. त्या काळात एकंदर १६ काळी माणसं संसदेत गेली. साऊथ कॅरोलायनाच्या विधानसभेत तर काळ्यांचं बहुमत झालं. गावपातळीपासून वरपर्यंत दीड हजारांहून जास्त काळे पुढारी पदांवर बसले. दक्षिणेत सर्वांसाठी सरकारी शाळा म्हणून काही प्रकारच नव्हता. तो या सरकारांनी सुरू केला, आणि त्याचा फायदा गरीब गोऱ्यांच्या पोरांनाही झाला.

याला उत्तर म्हणून कू क्लक्स क्लॅन रात्री निघायला लागली. बुरखे, घोडे, चाबूक, दोर. कुणाला मारायचं याची यादी बघा. मत देणारा, शाळेत शिकवणारा, जमीन घेणारा, मान वर करून बोलणारा. ही यादी तुम्हाला ओळखीची वाटेल. फौजदार, न्यायाधीश, ज्यूरी सगळे त्याच भावकीतले. खून हा राज्याचा विषय, दिल्लीसारखं वॉशिंग्टनही दूर. साक्ष द्यायला कोण येणार?

ग्रँटच्या सरकारनं इथं खरं काम केलं, आणि ते कसं केलं हे आपण शिकून घ्यायला पाहिजे. १८७० मध्ये न्यायखातं उभं केलं. १८७० आणि १८७१ मध्ये तीन अंमलबजावणी कायदे केले, त्यातला तिसरा क्लॅनविरोधी. मतदाराला धमकावणं, हक्क हिरावण्यासाठी कट करणं हा देशाचा गुन्हा ठरवला. खटला गावच्या कोर्टातून काढून केंद्राच्या कोर्टात नेला. ज्यूरीत बसणाऱ्याला आपण असल्या टोळीत नाही अशी शपथ घ्यायला लावली. आमोस एकरमन हा ॲटर्नी जनरल स्वतः दक्षिणेतला, युद्धात गुलाममालकांच्या बाजूनं लढलेला. पण क्लॅनची कागदपत्रं बघून तो हादरला आणि हात धुऊन मागं लागला. ऑक्टोबर १८७१ मध्ये ग्रँटनं साऊथ कॅरोलायनाच्या नऊ काउंटींत हेबियस कॉर्पस तहकूब केलं, लष्कर घातलं, शेकड्यांनी माणसं पकडली. साऊथ कॅरोलायनातल्या त्या खटल्यांत काळी माणसं ज्यूरीत बसली आणि कालच्या मालकांना दोषी ठरवून मोकळी झाली. १८७२ पर्यंत क्लॅनचं कंबरडं मोडलं. त्या वर्षीची निवडणूक दक्षिणेत बरीचशी शांततेत झाली. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलाम म्हणून जन्मला, त्यानं गावोगाव ग्रँटचा प्रचार केला.

म्हणून कुणी म्हणालं ना, की कायद्यानं माणसं बदलत नाहीत, तर त्याला १८७१ सांगा. माणसांची मनं बदलली नव्हतीच. पण हात आखडले होते. मारणारा हात आखडला की मार खाणाऱ्याला श्वास घेता येतो, आणि तेवढ्या श्वासात तो शाळा काढतो.

आता खर्चाची बाजू. ती मोठी आहे.

एकरमन डिसेंबर १८७१ मध्येच गेला. ग्रँटनं राजीनामा मागून घेतला. १८७२ मध्ये मोकळ्या झालेल्यांना मदत करणारी सरकारी कचेरी, फ्रीडमेन्स ब्यूरो, बंद केली. त्याच वर्षी बहुतेक जुन्या बंडखोरांना पदं घ्यायची मोकळीक दिली. १८७३ पासून शिक्षा झालेल्या क्लॅनवाल्यांना माफ्या सुरू झाल्या. शांतता झाली ना, मग पुरे, असा विचार. औषधानं ताप उतरला म्हणून औषध बंद केलं.

आणि आलं १८७३. हे साल नीट बघा, कारण ते आपलंही आहे.

१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियाना राज्यात एक नवा जिल्हा केला होता, त्याला नाव दिलं ग्रँट पॅरिश. त्याचं मुख्य गाव कोलफॅक्स, ग्रँटच्या पहिल्या उपराष्ट्राध्यक्षाचं नाव. तिथं निवडणुकीच्या वादात काळ्यांनी कोर्टाची इमारत धरून ठेवली होती. गोऱ्यांची हत्यारबंद टोळी तोफ घेऊन आली. इमारतीला आग लावली. बाहेर आले त्यांना गोळ्या घातल्या, शरण आलेल्या कैद्यांना रात्री मारलं. किती मेले? साठ-सत्तरपासून दीडशेपर्यंत आकडे दिले जातात. गोरे मेले तीन. ज्या जिल्ह्याला राष्ट्राध्यक्षाचं नाव, तिथं त्याच्या मतदारांची ही गत.

दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, सुप्रीम कोर्टानं न्यू ऑर्लीन्सच्या खाटिकांच्या एका दाव्यात पाच विरुद्ध चार मतांनी चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ कापून लहान केला. दावा खाटीकखान्याच्या मक्त्याचा, पण सुरी काळ्यांच्या हक्कावर फिरली.

पुण्यात ‘गुलामगिरी’च्या प्रस्तावनेखाली तारीख आहे १ जून १८७३. कोलफॅक्सनंतर दीड महिना.

१८ सप्टेंबर १८७३ ला जे कुक नावाची अमेरिकेतली बडी पेढी बुडाली आणि मंदी सुरू झाली, ती वर्षानुवर्षं हटली नाही. सहा दिवसांनी, २४ सप्टेंबरला, पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. इकडं चूल पेटत होती तेव्हा तिकडं विझत होती. मंदीनं उत्तरेतला गोरा माणूस स्वतःच्या पोटाकडं बघायला लागला. काळ्यांचं दुखणं त्याला जुनं आणि कंटाळवाणं वाटायला लागलं. वर्षभरात फ्रीडमन्स बँक बुडाली. मोकळ्या झालेल्या माणसांनी पै-पै करून टाकलेला पैसा. संचालकांत त्याच जे कुकचा भाऊ, त्यानं कर्जं सोयऱ्याधायऱ्यांना वाटली. बुडायच्या आधी तीन महिने डग्लसला अध्यक्ष करून बसवलं, त्यानं स्वतःचे दहा हजार डॉलर घातले, तरी वाचली नाही. ६० हजारांहून जास्त खातेदार, जवळजवळ ३० लाख डॉलर. सरकारनं भरून दिले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचा बँकेवरचा विश्वास गेला.

१८७४ ला संसदेचं खालचं सभागृह विरोधी पक्षाकडं गेलं. १८७५ ला मिसिसिपीत निवडणूक आली. आता बुरखेही नव्हते, दिवसाढवळ्या बंदुका घेऊन टोळ्या फिरत होत्या. गव्हर्नर एम्सनं लष्कर मागितलं. ग्रँटच्या सरकारनं कळवलं, लोक या दक्षिणेतल्या दरवर्षीच्या दंग्यांना कंटाळले आहेत, आधी तुमचं तुम्ही बघा. लष्कर गेलं नाही. याझू काउंटीत काळ्यांची वस्ती हजारोंनी, तिथं त्यांच्या पक्षाला मतं पडली सात. मिसिसिपीचा काळा खासदार जॉन लिंच यानं पुढं लिहून ठेवलंय की त्यानं ग्रँटला तोंडावर विचारलं, असं का केलंत? ग्रँटनं कबूल केलं, लष्कर धाडलं असतं तर ओहायोची निवडणूक हातची गेली असती, असं पक्षाच्या लोकांनी सांगितलं. ओहायो वाचवायला मिसिसिपी दिलं. पक्षाला आपलं मत पाहिजे असतं, आपण पाहिजे असतो असं नाही. हे वाक्य ज्यानं त्यानं आपापल्या पक्षाला लावून बघावं.

मग कोलफॅक्सचं काय? ९७ जणांवर आरोपपत्र. शिक्षा तिघांना. तेही मार्च १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडले. कोर्ट म्हणालं, चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खाजगी माणसाला नाही. आणि मारलं ते काळे म्हणूनच मारलं असं आरोपपत्रात धड लिहिलेलं नाही. वाचून मी पुस्तक मिटलं. हे वाक्य मी मराठीत ऐकलंय. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका कुटुंबातली चार माणसं मारली, २००८ च्या निकालात आरोपी दोषी ठरले, पण ॲट्रॉसिटीचं कलम लागलं नाही. जातीमुळं झालं म्हणता येत नाही! हा निकाल लिहिणारे तिकडचे सरन्यायाधीश वेट हे ग्रँटनंच नेमलेले. ज्यानं कायदा केला त्यानंच कायदा मारणारा न्यायाधीश बसवला. कायदा कुणी केला याच्याइतकंच तो वाचायला कुणाला बसवलं हे महत्त्वाचं असतं.

बाकीचे डागही सांगतो. माणूस स्वतः पैसे खाणारा नव्हता, पण मैत्रीत आंधळा होता. दारूवरचा कर बुडवणाऱ्या ‘व्हिस्की रिंग’मध्ये त्याचा खाजगी चिटणीस बॅबकॉक अडकला, ग्रँटनं त्याच्या बाजूनं साक्ष दिली आणि तो सुटला. युद्धमंत्री बेल्कनॅप लाच घेताना सापडला आणि राजीनामा देऊन पळाला. याचा फटका कुणाला बसला? काळ्यांना. ‘भ्रष्ट सरकार’ म्हणत त्यांचं रक्षण करणारं सरकारच बदनाम करता आलं.

मूळ अमेरिकनांचं दुःख वेगळं. सुरुवात चांगली, सेनेका जमातीचा ईली पार्कर आदिवासी खात्याचा प्रमुख नेमला, असा नेमलेला तो पहिलाच. पण १८७४ मध्ये लाकोटांच्या ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडलं, आणि १८६८ च्या कराराची रद्दी झाली. ग्रँटनं गोऱ्या खाणवाल्यांना अडवणं सोडलं, १८७६ ला लढाई लावली. १९८० साली सुप्रीम कोर्टानं नुकसानभरपाई म्हणून दहा कोटींहून जास्त डॉलर मंजूर केले. लाकोटांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, जमीन द्या.

जमीन. सगळी गोष्ट तिथंच येते. ग्रँटनं मत दिलं, कोर्ट दिलं, शिपाई दिला. जमीन दिली नाही. काळा माणूस मतदार झाला, पण राबत होता त्याच मालकाच्या वाट्यानं, खात होता त्याच्याच दुकानातून उधारीवर. दिवसा ज्याच्याकडं उचल घ्यायची, रात्री तोच बुरखा घालून यायचा.

आमच्या तालुक्यातल्या एका प्रकरणात, गावाचं नाव लिहीत नाही, फिर्यादी सोडून सगळे साक्षीदार कोर्टात फिरले. आपलेच लोक. मी त्यांना नाही नाही ते बोललो. भडवे म्हणालो, विकले गेलात म्हणालो. नंतर कळलं, तिघंही आरोपीच्या भावकीत सालगडी होते. एकानं पोरीच्या लग्नाला उचल घेतली होती. केस उभी राहिली त्या आठवड्यात तिघांच्या चुली बंद झाल्या होत्या आणि आम्ही कार्यकर्ते जिल्ह्याच्या ठिकाणी निवेदनं देत होतो. एकानंही त्यांच्या घरी ज्वारीची पाटी नेली नव्हती. ते विकले गेले नाहीत. आम्ही त्यांना विकत घेण्याजोगं ठेवलं. ग्रँटचं अपयश वाचताना मला माझं दिसलं, म्हणून हे लिहिलं.

मार्च १८७७ मध्ये ग्रँट पायउतार झाला. नव्या अध्यक्षानं, हेजनं, वादग्रस्त निवडणुकीच्या सौद्यात दक्षिणेतल्या विधानभवनांजवळचं लष्कर काढून घेतलं. संपलं. पुढं वेगळे डबे, वेगळे नळ, झाडाला लटकणारी प्रेतं. मुली, तुझ्या ९३ वर्षांपैकी बहुतेक वर्षं ही अशी.

फेब्रुवारी १८७९ मध्ये जगप्रवासाला निघालेला ग्रँट मुंबईला उतरला. मलबार पॉइंटवर गव्हर्नर रिचर्ड टेंपलचा पाहुणा. मेजवान्या झाल्या, घारापुरीची लेणी बघितली, आणि स्वारी उत्तरेकडं गेली. जोतिबा तेव्हा पुण्यात होते. मुंबईहून रेल्वेनं एका दिवसाची वाट.

मग जोतिबांची अर्पणपत्रिका चुकली का? मला हा प्रश्न सुटायला वेळ लागला. नाही चुकली. त्यांनी अमेरिकेच्या सरकारला किंवा राष्ट्राध्यक्षाला पुस्तक अर्पण केलं नव्हतं. लोकांना केलं होतं, गुलामांसाठी स्वतःचं नुकसान सोसणाऱ्या भल्या लोकांना. ते लोक थकले, हरले, पण खोटे नव्हते. आणि त्यांचं काम वाया गेलं नाही. कसं ते बघा.

१ मार्च १८७५ ला ग्रँटनं एका कायद्यावर सही केली. खाणावळी, धर्मशाळा, गाड्या, नाटकगृहं सर्वांना खुली. अडवणाऱ्याला दंड आणि कैद, अडवलेल्याला पाचशे डॉलर. ग्रँटनं तो नेटानं राबवला नाही. १८८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला, निकाल लिहिणारे ब्रॅडली हेही ग्रँटनं नेमलेले. कारण तेच, खाजगी माणसाला घटना बांधत नाही. कायदा मेला असं सगळ्यांनी धरलं.

पण एक विद्यार्थी १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. विद्यापीठापासून पायी थोड्या अंतरावर ग्रँटची भव्य समाधी आहे, १८९७ ची. त्याच विद्यापीठात तेव्हा डनिंग नावाचा इतिहासाचा प्राध्यापक होता. त्याचा सगळा संप्रदाय शिकवत होता की काळ्यांना राज्य करता येत नव्हतं, ग्रँटची वर्षं म्हणजे नुसता भ्रष्टाचार. १९१५ मध्ये क्लॅनला नायक करणारा सिनेमा न्यूयॉर्कमध्ये गर्दी खेचत होता. अशा हवेत भीमराव शिकले. आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली. त्यात शाळा, धर्मशाळा, रस्ते, विहिरी, तळी यांचा वापर नाकारणाऱ्याला शिक्षा मागितली. कलम कुठून घेतलं तेही लिहून ठेवलं. अमेरिकेचे १८६६ आणि १ मार्च १८७५ चे नागरी हक्क कायदे. मेलेल्या कायद्यात बाबासाहेबांनी जीव बघितला. शिवाय त्याला सामाजिक बहिष्काराचा गुन्हा जोडला, कारण गाव आपल्याला बंदुकीआधी बहिष्कारानं मारतं हे त्यांना ठाऊक होतं.

१९५० च्या आपल्या घटनेत पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते आले. सतराव्या कलमानं अस्पृश्यता गाडली, सरकारनं पाळलेली असो की खाजगी माणसानं. ज्या फटीतून १८७६ आणि १८८३ चे निकाल शिरले ती फट तिथं नाही. अमेरिकेला तसला कायदा पुन्हा करायला १९६४ उजाडलं. ग्रँटच्या सहीनंतर ८९ वर्षं. आपण त्यांच्या १४ वर्षं आधी पोचलो होतो. कागदावर.

‘कागदावर’ हा शब्द लिहिताना हात थांबतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी हेच बजावलं, राजकारणात समता आणि पोटापाण्यात विषमता, हा विरोध फार काळ चालणार नाही. ग्रँटच्या अमेरिकेत तो दहा वर्षंही चालला नाही. २० मार्च २०१८ ला आपल्या सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले, २ एप्रिलला लोक रस्त्यावर आले, माणसं मेली, आणि त्याच वर्षी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. १८७६ ला तिकडं रस्त्यावर येणाऱ्याच्या मागं कुणी नव्हतं. एवढाच फरक, पण तो मोठा आहे. तो फरक म्हंजे चळवळ.

आणि इतिहास कुणी लिहायचा? कोलफॅक्सला १९५० च्या सुमारास सरकारी पाटी लावली होती. कत्तलीला ‘दंगल’ म्हटलं होतं, आणि तिनं दक्षिणेतलं वाईट राज्य संपवलं असं कौतुक केलं होतं. ड्यू बॉईस या काळ्या विद्वानानं १९३५ मध्येच खरा इतिहास लिहून ठेवला होता. बाबासाहेबांनी १९४६ ला ज्यांना पत्र लिहिलं तेच हे ड्यू बॉईस. तरी ती पाटी २०२१ साली निघाली. खोटी पाटी सत्तर वर्षं टिकते. म्हणून खरं लिहिणाऱ्यानं कंटाळायचं नाही.

ग्रँटचा हिशोब मी असा मांडतो. त्यानं दाखवून दिलं की राज्यानं मनावर घेतलं तर जुलमी दोन वर्षांत बिळात जातो. आणि त्यानंच दाखवून दिलं की राज्याचं मन दुसऱ्याच्या हातात असतं. मत मिळालं, जमीन नाही मिळाली. कायदा मिळाला, न्यायाधीश नाही मिळाला. मित्र मिळाले, पण ते कंटाळणारे होते. आपल्याला कंटाळायची सोय नाही.

पुढच्या वर्गाला ‘गुलामगिरी’ मी सांगणार नाही. ती मुलगी सांगणार आहे. मी खाली बसून ऐकणार, आणि प्रश्न विचारणार.

जय भीम.